रंगीत इशारे आणि उपनगरांचा पाऊस

पावसाळ्याच्या दिवसांत मुंबईच्या शाळांतून शिक्षकांचा सकाळी पहिला प्रश्न असतो तो 'आज कोणता रंग आहे?' हा. हवामानाचा इशारा आता रंगांत येतो: हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल. या एका रंगामागे आज रडार आहेत, उपग्रह आहेत, शहरभर बसवलेले स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत आणि पूर येण्याआधीच त्याचा नकाशा काढू पाहणारे संगणक आहेत. एवढ्या सामग्रीने जे कळते, त्यातले अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरच्या शाळेच्या फाटकापर्यंत किती पोहोचते, हे आम्ही येथे तपासून पाहणार आहोत. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. यंत्रणा चांगली आहे आणि दिवसेंदिवस सुधारते आहे. परंतु पंधरा मिनिटांच्या आणि काही चौरस किलोमीटरच्या मापाने तिला जे समजते, ते आपल्याला चोवीस तासांच्या आणि अख्ख्या जिल्ह्याच्या मापाने सांगितले जाते. बारीक चाळणीतून काढलेले पीठ पुन्हा कोंड्यात मिसळावे तसा हा प्रकार आहे.

२६ जुलै २००५ पासून सुरुवात केल्याशिवाय गत्यंतर नाही. २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला नोंदला गेला ७३ मिलिमीटर. दोन्ही वेधशाळांमधले हवाई अंतर वीस-बावीस किलोमीटरच. विहार तलावाजवळ तर हजार मिलिमीटरची मर्यादाही ओलांडली गेली. फोर्टमधल्या कचेरीत बसलेल्या माणसाला उपनगरात काय चालले आहे याची कल्पना नव्हती, यात नवल नाही. त्याच्या खिडकीबाहेर नेहमीचाच पाऊस होता. त्या पुरात मुंबईत चारशेहून अधिक आणि राज्यात हजाराहून अधिक माणसे गेली. अंधेरीच्या साकीनाक्याला वस्तीवर दरड कोसळली.

९४४ मिलिमीटर म्हणजे किती, हे वर्गात सांगायचे तर गुणाकार करून दाखवावा. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एवढा पाऊस पडला तर ९ लाख ४४ हजार घनमीटर पाणी होते. दहा हजार लिटरच्या टँकरने ते उपसायचे म्हटले तर ९४ हजारांहून अधिक खेपा लागतील. आणि उपनगर काही एका चौरस किलोमीटरचे नाही.

त्या वेळी हवामानशास्त्र विभागाची मुंबईतली मोजणी मुख्यतः कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन ठिकाणांवर अवलंबून होती, आणि शहरात डॉप्लर रडार नव्हते. या पुराची चौकशी करण्यासाठी डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली आणि तिचा अहवाल २००६ साली आला. त्याच वर्षी महानगरपालिकेने आयआयटी मुंबईतले प्रा. कपिल गुप्ता यांच्या मार्गदर्शनाखाली शहर आणि उपनगरांत स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले. सुरुवातीला पस्तीस केंद्रे होती, बहुतेक अग्निशमन केंद्रांच्या इमारतींवर. दर पंधरा मिनिटांनी आकडा मुख्यालयात पोहोचे. पुढे केंद्रे साठांवर गेली आणि त्यानंतरही त्यांत भर पडत राहिली. आमच्या मते मुंबईच्या आपत्तिव्यवस्थापनात माहिती तंत्रज्ञानाने केलेले सर्वांत मोलाचे काम हेच होय. ते दिसायला साधे आहे आणि म्हणूनच त्याचे कौतुक कमी झाले.

हे उपकरण विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखे आहे. वर एक नरसाळे असते. त्यातून पडणारे पाणी खाली सी-सॉसारख्या झुलणाऱ्या दोन छोट्या पात्रांपैकी एकात साठते. ते भरले की वजनाने कलंडते, पाणी सांडते आणि दुसरे पात्र नरसाळ्याखाली येते. प्रत्येक कलंडण्याला एक चुंबक विजेची कळ दाबतो आणि संगणकात एक आकडा वाढतो. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर असला तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते, आणि ०.२ मिलिमीटर पावसाला एकदा कलंडायचे तर पात्रात ६.२८ घनसेंटिमीटर पाणी मावले पाहिजे. म्हणजे जेमतेम सव्वा चमचा. आता २६ जुलैला सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पाऊस या उपकरणावर पडला तर तासाला ९५० वेळा, म्हणजे दर पावणेचार सेकंदांना एकदा, ते पात्र कलंडेल. पात्र कलंडत असतानाच्या क्षणभरात पडलेले पाणी मोजणीतून निसटते. याचा अर्थ पाऊस जितका जोराचा तितकी मोजणी कमी भरते. नेमकी गरज असते तेव्हाच उपकरण थोडे खोटे बोलते. ही चूक गणिताने सुधारता येते, पण नरसाळ्यात अडकलेले पिंपळपान गणिताने निघत नाही. त्यासाठी शिडी लावून वर चढणारा माणूस लागतो. उपकरणे विकत घेण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होते. शिडीवाल्या माणसाची तरतूद होते की नाही, यावर पुढची दहा वर्षे अवलंबून असतात.

रडारची गोष्ट निराळी. कुलाब्याच्या डॉप्लर रडारच्या जोडीला जानेवारी २०२२ मध्ये अंधेरी पूर्वेकडच्या वेरावली येथे दुसरे रडार सुरू झाले. रडार पाऊस थेट मोजत नाही. थेंबांवरून परत आलेल्या लहरींवरून तो अजमावते, आणि ही परतलेली ऊर्जा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. व्यास दुप्पट झाला तर ऊर्जा चौसष्टपट. थोडेसे मोठे थेंब असले की रडारचा अंदाज फुगतो. म्हणून रडारला जमिनीवरच्या पर्जन्यमापकांची साक्ष सतत लागते. रडारला सगळीकडचे दिसते पण धूसर दिसते. मापकाला एकाच जागचे कळते पण नेमके कळते. दोघांची सांगड घालणे हे संगणकाचे काम.

ही सांगड घालून पुढे पुराचा नकाशा काढणारी 'आयफ्लोज-मुंबई' ही प्रणाली १२ जून २०२० रोजी सुरू झाली. केंद्र सरकारचे पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महानगरपालिका यांनी ती मिळून उभारली. पावसाचा अंदाज, जमिनीचे चढउतार, नद्या, तलाव व खाड्यांची खोली, जलवाहिन्यांचे जाळे, भरतीची उंची आणि वस्तीची माहिती एकत्र करून कोणत्या विभागात किती पाणी साचेल, हे ती तीन दिवस आधीपासून सांगू पाहते. आयआयटी मुंबईतल्या हवामान अभ्यास केंद्रानेही मुंबईच्या पुरासाठी वेगळे संकेतस्थळ आणि मोबाईलसाठी अॅप तयार केले आहे. त्यात आपल्या भागात किती पाणी साचले ते नागरिकांनी कळवावे अशी सोय ठेवलेली आहे. आम्हांला ही सोय फार पसंत पडली. संगणकाच्या नकाशात नाल्याची रुंदी असते. काल रात्री त्या नाल्यात कुणी गादी टाकली, हे नसते. ते त्या गल्लीत राहणाराच सांगू शकतो.

मग अडचण कोठे आहे? हवामानशास्त्र विभागाची पावसाची प्रतवारी पाहावी. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'मुसळधार', ११५.६ पासून 'अति मुसळधार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत मुसळधार'. ही प्रतवारी साऱ्या देशाला एकच आहे, आणि दिवसाचा रंग ठरतो तो प्रामुख्याने हिच्या आधारावर, जिल्ह्याजिल्ह्याला. वेधशाळा पुढच्या दोन-तीन तासांचे तात्कालिक इशारेही देते हे खरे. परंतु वर्तमानपत्रात छापला जातो, शाळांच्या गटांवर फिरतो आणि सुट्टी ठरवतो तो दिवसाचा रंग. मुंबई उपनगर हा एक जिल्हा. त्यात वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत सारे आले. मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. त्याच्या पश्चिम उताराचे पाणी दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्यांतून अरबी समुद्राकडे जाते, पूर्व उताराचे मुलुंड-भांडुपच्या नाल्यांतून ठाण्याच्या खाडीला. बोरिवलीला ढग फुटल्यासारखा पाऊस पडत असताना मुलुंडला छत्री मिटून चालता येते, हे लोकलने प्रवास करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. दोघांना रंग मात्र एकच.

जागेपेक्षाही वेळेचे माप अधिक चुकते असे आम्हांला वाटते. उपनगरातल्या धोक्यांची घड्याळे वेगवेगळी आहेत. अंधेरीचा सब-वे घ्या. तो बुडतो तासाभराच्या पावसाने, कधी त्याहूनही कमी वेळात. दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस रिमझिम पडला तर त्याचे काही बिघडत नाही. तोच पाऊस सव्वा तासात पडला तर पाणी कमानीला लागते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेता येईल एवढ्या आकाराच्या होत्या, तेही ओहोटी असेल तर. १९९३ साली तयार झालेल्या ब्रिमस्टोवॅड आराखड्याने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची शिफारस केली. म्हणजे अभियंत्याचा हिशेब तासाचा, आणि इशारा चोवीस तासांचा. त्यावरून अंधेरीकराने काय समजायचे?

दुसरे घड्याळ भरतीचे, साधारण सव्वाबारा तासांपेक्षा थोडे अधिक अंतराने वाजणारे. मुंबईच्या अनेक जलवाहिन्यांची पातमुखे एवढी खाली आहेत की भरतीच्या वेळी समुद्राचे पाणीच आत येऊ पाहते. तेव्हा दारे मिटावी लागतात आणि आतले पाणी पंपाने उपसावे लागते. त्यासाठीच इर्ला आणि इतर ठिकाणी उदंचन केंद्रे बांधली गेली. ब्रिमस्टोवॅडमधल्या आठ केंद्रांपैकी सहा झाली. अंधेरीच्या भागाला ज्याची सर्वाधिक गरज, ते मोगरा नाल्यावरचे केंद्र मात्र मागे राहिलेल्या दोघांत आहे. २६ जुलै २००५ ला दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती होती, आणि पावसाचा सर्वांत मोठा जोर याच सुमारास होता. गंमत अशी की भरतीची वेळ आणि उंची हे या साऱ्यातले सर्वांत पक्के भाकीत आहे. चंद्र-सूर्याच्या गणिताने ते वर्षभर आधी सांगता येते, आणि साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महानगरपालिका दरवर्षी पावसाळ्याआधीच जाहीर करते. रंगात मात्र ही भरती वेगळी दिसत नाही.

तिसरे घड्याळ सर्वांत संथ आणि सर्वांत घातक. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि साकीनाक्याच्या उतारांवर माणसे राहतात ती हौस म्हणून नव्हे. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठांहून अधिक माणसे दगावली. १८ जुलै २०२१ च्या मध्यरात्रीनंतर चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात घरे गाडली गेली. त्याच रात्री भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरले आणि पुरात बुडालेल्या शहराचे नळ कोरडे पडले. १६ ऑगस्ट २०२५ ला विक्रोळी पार्कसाइटला पुन्हा दरड आली आणि दोन जीव गेले. अशा उताराचा धोका त्या दिवसाच्या पावसावर जितका, तितकाच आधीच्या आठवड्याच्या पावसावर असतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरत जातात, पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून सुटे करू लागतो, घर्षण घटते. सहा दिवस मुरलेल्या उतारावर सातव्या दिवशी साधा पिवळा इशारा असला तरी तो लालाइतकाच धोक्याचा असू शकतो. पंधरा मिनिटांच्या आकड्यांची बेरीज सात दिवसांची करणे संगणकाला काहीच जड नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मुंबईतल्या धोकादायक उतारांची पाहणी केलेली आहे. मापकांची नोंद महानगरपालिकेकडे आहे. या दोन कागदांची गाठ घालून 'आजवर तुमच्या उतारात एवढे पाणी मुरले आहे' असा वस्तीनिहाय इशारा द्यायला नवे यंत्र लागत नाही. आजची पद्धत म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर घरे रिकामी करण्याच्या नोटिसा लावणे. साऱ्या पावसाळ्यासाठी एकच नोटीस! चार महिने घर सोडून कोणी जात नाही. एका रात्रीसाठी, नेमके कारण सांगितले आणि जायला जागा दाखवली, तर जाईल.

असे होऊ शकते याचा पुरावा मुंबईतच आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठी नदीची पातळी ३.९ मीटरपर्यंत चढली आणि कुर्ल्याच्या क्रांतिनगरातून सुमारे साडेतीनशे लोकांना जवळच्या महापालिका शाळेत हलवण्यात आले. पाण्याची पातळी हा एकच आकडा, एकच जागा, ठरलेली वस्ती आणि ठरलेली शाळा. अमुक रेषेला पाणी लागले की तमुक लोकांनी तमुक ठिकाणी जायचे. त्यात रंग नव्हता आणि जिल्हाही नव्हता. सबंध मुंबईच्या नकाशापेक्षा हा एक आकडा त्या दिवशी अधिक उपयोगी पडला.

बांगलादेशाचा अनुभव वेगळे सांगत नाही. १९७० च्या चक्रीवादळात तेथे लाखो माणसे गेली. त्यानंतर उभी राहिलेली सावधानतेची व्यवस्था उपग्रहांच्या जोडीला खेड्याखेड्यांतल्या हजारो स्वयंसेवकांवर, त्यांच्या हातांतल्या कर्ण्यांवर आणि झेंड्यांवर चालते. आपल्याकडे आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, आणि 'सेल ब्रॉडकास्ट' या पद्धतीने ठरावीक टॉवरांच्या टप्प्यातल्या सर्व फोनांवर एकदम इशारा देता येतो. २०२३ साली मोठा आवाज करीत आलेले चाचणीचे संदेश वाचकांना आठवत असतील. लघुसंदेश एकेकाला पाठवावा लागतो, त्यात गर्दीच्या वेळी तो तुंबतो. हे प्रक्षेपण आकाशवाणीसारखे एकदाच होते. म्हणजे सूर्यनगरच्या उताराला एक संदेश आणि मुलुंड चेकनाक्याला दुसरा, असे करणे तंत्रदृष्ट्या शक्य झालेले आहे. सवय मात्र अजून जिल्ह्याची.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण माहिती तंत्रज्ञानाच्या नावावर नको ती आशाही विकली जाते. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात वादळी वाऱ्याने एक प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जण मृत्युमुखी पडले. फलक होता साधारण १२० फूट लांब आणि तेवढाच उंच. महानगरपालिकेच्या नियमात बसतो तो ४० फुटांचा. फलकावरचा वाऱ्याचा जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे नऊपट. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात झोपड्यांवर जलाशयाची संरक्षक भिंत पडून तीसच्या आसपास माणसे दगावली, तेथेही पाऊस एकट्याने अपराधी नव्हता. फलकाची लांबी-रुंदी मोजायला उपग्रह नको, फीत पुरते. अशा ठिकाणी आणखी एक संवेदक बसवणे म्हणजे तापमापी बदलून ताप उतरवणे होय. उलट, २०२५ साली नाल्यांतून काढलेल्या गाळाच्या चित्रफिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने तपासून महानगरपालिकेने कंत्राटदारांना दंड केले, तो उपयोग आम्हांला योग्य वाटतो. जेथे माणसे आकडा फुगवतात तेथे यंत्राने मोजावे.

आता शाळेकडे येऊ. इशाऱ्यांचा सर्वांत मोठा ग्राहक कोण, याचा शोध घेतला तर शाळा हेच उत्तर येईल. ८ जुलै २०२४ ला रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत अनेक ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. सकाळच्या सत्राची सुट्टी सकाळीच जाहीर झाली. लगेच ९ जुलैसाठी लाल इशारा आला, शाळा आदल्या दिवशीच बंद झाल्या, आणि पाऊस पडला बेताचाच. पालकांनी थट्टा केली. १८ ऑगस्ट २०२५ ला सकाळचे सत्र भरलेले असताना दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली. त्या दिवशी माटुंग्याला शाळेची बस पाण्यात अडकली आणि पोलिसांनी मुलांना उचलून बाहेर काढले.

या तिन्ही दिवसांत सर्वांत चिंतेचा कोणता? आमच्या मते तिसरा. सुट्टी वाया गेली तर एक दिवस वाया जातो. पाऊस भरात असताना आणि भरती चढत असताना मुलांना रस्त्यावर काढणे मात्र धोक्याचे आहे, कारण शाळेची इमारत बहुधा त्या परिसरातली सर्वांत भक्कम वास्तू असते. हाँगकाँगमध्ये १९९२ पासून पावसाचे इशारे आहेत आणि १९९८ पासून ते पिवळसर, लाल आणि काळा अशा तीन पायऱ्यांचे आहेत. पायऱ्या ठरतात तासाच्या पावसावर: ३०, ५० आणि ७० मिलिमीटर. शाळांचे नियमही त्यालाच बांधलेले आहेत. सकाळी शाळा भरण्यापूर्वी लाल वा काळा इशारा लागला तर शाळा बंद. शाळा चालू असताना लागला तर वर्ग चालू ठेवायचे आणि बाहेर सुरक्षित होईपर्यंत मुलांना शाळेतच थांबवून घ्यायचे. मुख्याध्यापकाला दूरध्वनीची वाट पाहावी लागत नाही. हाँगकाँगचे सारेच बिनचूक आहे असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे एका तासात १५८.१ मिलिमीटर असा विक्रमी पाऊस पडला आणि अंदाज कमी पडला म्हणून टीकाही झाली. पण अंदाज चुकला तरी शाळेने काय करायचे हे आधी ठरलेले असते. मुलांना थांबवून घ्यायचे तर शाळेत पिण्याचे पाणी, थोडे खाणे, दिवे आणि पालकांना कळवण्याची सोय लागते. अंधेरीच्या शाळेत ही सोय आहे का, हा प्रश्न कोणत्याही रंगापेक्षा महत्त्वाचा आहे.

९ जुलैसारख्या फसलेल्या इशाऱ्यांबद्दल वेधशाळेला हसणाऱ्यांसाठी एक जुना किस्सा सांगण्याजोगा आहे. १८८४ साली अमेरिकेत सार्जंट फिनले यांनी चक्री वावटळींची, म्हणजे टॉर्नेडोंची, २८०३ भाकिते केली आणि ती ९६.६ टक्के बरोबर ठरल्याचे जाहीर केले. आकडे असे होते. 'येईल' म्हटले आणि आली, असे २८ वेळा. 'येईल' म्हटले आणि आली नाही, ७२ वेळा. 'येणार नाही' म्हटले आणि आली, २३ वेळा. 'येणार नाही' म्हटले आणि आली नाही, २६८० वेळा. भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी दाखवून दिले की रोज डोळे मिटून 'येणार नाही' म्हटले असते तर ९८.२ टक्के गुण मिळाले असते! दुर्मीळ घटनेच्या भाकिताला सरळ टक्केवारी लावणे किती फसवे असते, हे नववीच्या वर्गात फळ्यावर मांडून दाखवता येईल. चार आकड्यांचा हा तक्ता आजही जगभर पडताळ्यासाठी वापरतात. किती धोके पकडले गेले आणि किती इशारे फुकट गेले, हे दोन्ही त्यातून वेगळे दिसते, आणि एक वाढवायला गेले की दुसरेही वाढते. फुकट गेलेला एकही इशारा नको असेल तर काही खरे धोके चुकवावे लागतील.

हवामानशास्त्र विभाग आपल्या मोसमी अहवालांत अशा पडताळ्याचे देशपातळीवरचे आकडे देतो. अंधेरीच्या के पूर्व विभागाची किंवा मुलुंडच्या टी विभागाची गुणपत्रिका मात्र पावसाळा संपल्यावर कोणी शाळांना पाठवत नाही. ती पाठवावी, अशी आमची मागणी आहे. पुराचे नकाशे काढणाऱ्या प्रणालींनीही तसेच करावे: अमुक दिवशी अमुक चौकात एवढे पाणी सांगितले होते, एवढे साचले. नापास झालेल्या दिवसांसह. मुलांची प्रगतिपुस्तके भरणाऱ्या शिक्षकांना यात काही जगावेगळे वाटू नये.

हवामानबदलाच्या दृष्टीने या नोंदींचे महत्त्व आणखी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला, नाल्यांची सफाई पुरी होण्याआधी. नाला किती रुंद बांधायचा हे आता जुन्या तक्त्यांवरून ठरवता येणार नाही. त्यासाठी तासाच्या, पंधरा मिनिटांच्या पावसाची प्रत्येक विभागाची दीर्घ मालिका हवी. २००६ पासूनचे मापकांचे जाळे ती मालिका रोज विणते आहे. ती कोणाही अभ्यासकाला आणि शिक्षकाला सहज उतरवून घेता येईल अशा रूपात खुली असली पाहिजे. संकेतस्थळावर आजचा आकडा झळकतो आणि उद्या दिसेनासा होतो, एवढ्याने भागत नाही.

शाळेने आपल्या परीने काय करावे? सरळ भिंतींचा डबा, उघड्या जागी, भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुपटीहून दूर. पट्टीने मोजलेली पाण्याची उंची हाच पाऊस, कारण तोंड आणि तळ सारखेच असले तर क्षेत्रफळाचा प्रश्नच येत नाही. वहीत रोजच्या तारखेपुढे इशाऱ्याचा रंग, डब्यातला पाऊस, भरतीची वेळ व उंची, आणि फाटकापुढे साचलेले पाणी. शेवटची नोंद भिंतीवर रंगवलेल्या रेघांनी करावी, घोटा-गुडघ्याच्या हिशेबाने नको, कारण पाचवीचा गुडघा आणि दहावीचा गुडघा एक नसतो. जवळच्या अग्निशमन केंद्रावरच्या मापकाचा आकडा शेजारी लिहिला की दोन-चार किलोमीटरांत पाऊस किती बदलतो ते मुलांना आपोआप दिसेल. विभाग कार्यालयातल्या पर्जन्यजलवाहिनीच्या अभियंत्याला ही वही नेऊन दाखवावी. त्याच्या नकाशात पाणी साचण्याच्या जागा असतात, पण किती मिलिमीटर पावसाला, कोणत्या भरतीला आणि किती मिनिटांत, हे तुमच्या फाटकापुरते तरी त्याला दुसरीकडे सापडणार नाही.